हुद्दा नाही, सही नाही, तरी काम आपलं म्हणून करायचं तर कसं?

मुलुंडलोकल · सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, लिहायला आज पहिल्यांदा बसले आहे. प्रश्न कामावरचा आहे आणि थोडं सविस्तर सांगितल्याशिवाय कळणार नाही.

मी फोर्टमधल्या एका क्लिअरिंग-फॉरवर्डिंग ऑफिसात डॉक्युमेंटेशनला आहे. सात वर्षं झाली. न्हावाशेवाला उतरणाऱ्या मालाचे कागद आमच्याकडे येतात. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग बघून मी बिल ऑफ एंट्रीची चेकलिस्ट बनवते, पार्टीकडून, म्हणजे माल मागवणाऱ्याकडून, मंजूर करून घेते, मग ती आइसगेटवर, म्हणजे कस्टमच्या पोर्टलवर, फाइल होते. तिथे माझं काम संपतं. ड्युटी भरणं पार्टीचं, शिपिंग लाइनचे पैसे भरून डी.ओ., म्हणजे माल सोडायची डिलिव्हरी ऑर्डर, सोडवणं अकाउंट्सचं, आणि माल बाहेर काढणं न्हावाशेवाला बसणाऱ्या डिलिव्हरीच्या पोरांचं. प्रत्येकाचं टेबल वेगळं, प्रत्येकाचा साहेब वेगळा.

या पावसाळ्यात एका पार्टीचे प्लास्टिक दाण्याचे दोन चाळीस फुटी कंटेनर होते. गुरुवारी संध्याकाळी आउट ऑफ चार्ज मिळाला, म्हणजे कस्टमकडून माल मोकळा. डी.ओ.च्या पैशांची मागणी शुक्रवारी दुपारी चारला अकाउंट्सच्या ट्रेमध्ये पडली. ज्यांची सही लागते ते सर तेव्हा निघून गेले होते. शनिवारी कोणी ट्रे बघितला नाही. रविवार गेला, सोमवारी सुट्टी. लाइनचे फ्री दिवस, म्हणजे कंटेनर जादा पैसे न लागता ठेवता येतो ते, शनिवारीच संपले होते. कंटेनर हलायला पुढचा गुरुवार उजाडला, आणि डिटेन्शन, म्हणजे कंटेनर जास्त दिवस ठेवल्याचा आकार, लागलं ते डॉलरमध्ये.

मग मीटिंग. प्रत्येकाने आपापला मेल उघडून वेळ दाखवली. मी माझं वेळेत केलं होतं, अकाउंट्सने त्यांच्या नियमाने केलं होतं, डिलिव्हरीकडे डी.ओ.च नव्हता. पार्टीचे मालक सत्तरीचे गृहस्थ आहेत. ते सगळं ऐकून म्हणाले, "तुम्हा सगळ्यांचं बरोबर आहे. मग ते आठ दिवस माझा माल कोणाकडे होता?"

कोणी काही बोललं नाही. मीही नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक शीट सुरू केली. जहाज, कंटेनर नंबर, फ्री दिवसांची शेवटची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात कोणाकडे अडकलंय. जे दोन दिवसांवर आलं ते लाल. मला कोणी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी ९:४० ला ऑफिसच्या ग्रुपवर टाकते. त्यासाठी घरून वीस मिनिटं आधी निघते.

पहिले तीन आठवडे बरे गेले. आता दोन गोष्टी झाल्या आहेत. एक, सगळे मलाच विचारतात. अकाउंट्सवाला म्हणतो, "तू आठवण नाही करून दिलीस." म्हणजे त्याचं कामही माझ्या नावावर. आणि दुसरी, गेल्या बुधवारी डिलिव्हरीचे हेड, आम्ही त्यांना दादा म्हणतो, बावीस वर्षं या धंद्यात आहेत, ते सगळ्यांसमोर म्हणाले, "तू कोण गं मला विचारणारी?" माझ्या साहेबांनी नंतर केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "चांगलं करतेस, चालू ठेव." पण तेव्हा बाहेर एक शब्द बोलले नाहीत.

मला ही शीट बंद करायची नाही. त्या मालकांचा प्रश्न अजून डोक्यात आहे. पण माझ्याकडे हुद्दा नाही, कोणाला काम सांगायचा हक्क नाही. तुमच्यापैकी कोणी हे निभावलंय का? कसं?

पवईकरीण · सोमवार, रात्री १०:२५

ताई, आधी साहेबांकडून ते "चालू ठेव" मेलवर घ्या. केबिनमधला शब्द केबिनमध्येच राहतो. बाकी उद्या सविस्तर लिहिते.

गोदीकाठ · सोमवार, रात्री ११:०५

मुलुंडलोकल, मी याच धंद्यातून निवृत्त झालोय. इंदिरा गोदीत सुरुवात केली, १९८९ साली न्हावाशेवा सुरू झालं आणि हळूहळू सगळं पलीकडे गेलं, तसा मीही गेलो. तेव्हा तुमच्या दादांच्या बाजूनेही थोडं बोलतो. राग मानू नका.

तुमच्या शेवटच्या रकान्यात "कोणाकडे अडकलंय" असं लिहिलंय म्हणालात. तिथे रोज सकाळी कोणाचं नाव जास्त येत असेल? डिलिव्हरीचं. कारण माल शेवटी त्यांच्याकडेच पोचतो. वरची सगळी दिरंगाई वाहत वाहत त्यांच्या दारात साठते. चेकलिस्ट मंजूर व्हायला पार्टीने तीन दिवस खाल्ले, ड्युटीला दोन गेले, डी.ओ.ला दोन गेले, आणि लाल रंग चढला तेव्हा नाव कोणाचं? बावीस वर्षं उन्हापावसात गेटवर उभा राहिलेला माणूस रोज ९:४० ला ऑफिसच्या ग्रुपवर आपलं नाव लाल बघतो. तुम्ही शीट म्हणून टाकता, त्याला ती तक्रार वाटते.

रकाना बदला. माणसाचं नाव काढा. "कशाची वाट बघतोय" असं लिहा. डी.ओ.चे पैसे. ओरिजनल बिल ऑफ लेडिंग. तपासणी. ट्रेलर. पार्टीची मंजुरी. वाट बघणारा कंटेनर आहे, माणूस नव्हे. एवढ्याने सगळं सुटेल असं नाही, पण भांडणाचं तोंड बंद होईल.

आणि एक दिवस न्हावाशेवाला जाऊन या. सात वर्षांत किती वेळा गेलात?

साचेखातं · मंगळवार, सकाळी ७:४०

गोदीकाठ काकांचा प्रतिसाद वाचून वडील आठवले. ते लोअर परळच्या एका गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो.

वडील सांगायचे, चांगल्या विणकराला आवाजावरून कळतं. खात्यात शेकडो साचे धडधडत असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण आपल्या साच्याचा ठेका जरा चुकला की मान वळते. धागा तुटला की साचा थांबवायचा, गाठ मारायची, परत चालू करायचा. हे त्याला कोणी सांगावं लागत नाही. पण पगार कापडावर होता. साचा थांबला की कापड कमी, कापड कमी की पगार कमी. शिवाय थांबलेला साचा जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, नजरेला पडायचा, आणि बदली कामगाराला उद्या काम मिळणार की दारातून परत जायचं हे जॉबर ठरवायचा. मग काही जण बारीकसारीक दोष तसाच पुढे जाऊ द्यायचे. माणसं कामचुकार नव्हती. थांबवण्याची किंमत थांबवणाऱ्याच्या खिशातून जात होती.

जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ ला जो स्वयंचलित माग काढला, त्यात उभा धागा तुटला तर माग आपोआप थांबायचा. पुढे त्यांच्या मुलाने काढलेल्या मोटार कारखान्यात हीच कल्पना माणसांपर्यंत आली. लाइनवरच्या साध्या कामगारालाही काही चुकलं दिसलं तर डोक्यावरची दोरी ओढता येते. दिवा लागतो, टोळीचा प्रमुख धावत येतो, आणि ठरलेल्या वेळात सुटलं नाही तर लाइन थांबते. त्या दोरीची गोष्ट सगळे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते प्रमुखाचं धावत येणं. दोरी ओढणारा एकटा पडत नाही.

ताई, तुम्ही दोरी ओढलीत. तुमचे साहेब धावत आले नाहीत. खरी अडचण तिथे आहे असं मला वाटतं.

नवाधंदा · मंगळवार, सकाळी १०:१५

मी थोडं वेगळं सांगतो. एवढा विचार करू नका. आमच्याकडे एकच नियम आहे, परवानगी मागत बसायचं नाही, काम करून टाकायचं, चुकलं तर नंतर माफी मागायची. हुद्दा मागून मिळत नाही, केल्याने मिळतो. डी.ओ.चे पैसे अडकले तर स्वतः जाऊन भरून या. दादा दाद देत नसतील तर थेट त्यांच्या पोरांना फोन करा.

गोदीकाठ · मंगळवार, दुपारी १२:३०

नवाधंदा, तुमचा उत्साह मनापासून आवडला, पण कस्टमच्या कामात हे करू नये. कळकळीने सांगतो.

कस्टम ब्रोकरच्या ऑफिसात कोणी कुठल्या कागदावर सही करायची हे ठरलेलं असतं. एच आणि जी ही ब्रोकरच्या माणसांची कस्टमची कार्डं. एच कार्डवाला मदतीला उभा राहू शकतो, सही करू शकत नाही. जी कार्डवाल्याला परीक्षा द्यावी लागते, मग सही करता येते. हे उगाच नाही. उद्या मालाचं वर्गीकरण चुकलं, ड्युटी कमी भरली गेली, तर नोटीस सहीवाल्याला आणि लायसनवाल्याला येते. एका हुशार पोराने पार्टीला न विचारता चेकलिस्टमधला टॅरिफचा कोड बदलला होता, कारण त्याला खात्री होती की जुना चुकीचा आहे. त्याचं बरोबरही असेल. पण पार्टीने आधीच्या सगळ्या मालाला जुना कोड लावला होता, आणि कस्टमने तो धागा पकडून मागची सगळी बिलं उघडली. पोराचा हेतू शुद्ध होता. मालक दोन वर्षं सुनावण्यांना गेले.

म्हणून माझी रेघ साधी आहे. ज्यावर दुसऱ्याची सही लागते तिथे आपण पुढाकार घ्यायचा तो सही करणाऱ्याच्या समोर कागद वेळेत आणून ठेवण्याचा. पेन त्याच्या हातात. आणि दादांच्या पोरांना दादांना वगळून फोन तर अजिबात करू नका. त्या क्षणी शीटही गेली आणि दादाही गेले.

आवकजावक · मंगळवार, दुपारी ३:१०

गोदीकाठ यांना पूर्ण अनुमोदन. मी सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून लागले, आता निवृत्तीला चार वर्षं आहेत. सगळ्यांना वाटतं की आमच्याकडे पुढाकार घ्यायला जागाच नसते. उलट आहे.

फाइल कुठून सुरू होते? सगळ्यात खालच्या टेबलावरून. निर्णय वरच्या साहेबांचा, पण टिप्पणी लिहिते मी. विषय काय, आधी काय घडलं, नियम काय म्हणतो, पर्याय कोणते, आणि शेवटी "आदेशार्थ सादर". साहेबांसमोर दिवसाला पन्नास फायली येतात. ज्या फाइलीत टिप्पणी नीट आहे, संदर्भ लावलेले आहेत, पर्याय दोन आहेत आणि दोन्हींचे परिणाम लिहिले आहेत, ती फाइल त्याच दिवशी खाली येते. जिच्यात नुसतं "योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर" आहे ती फिरत राहते. कायदा आहेच, २००५ च्या दप्तर दिरंगाईच्या अधिनियमाप्रमाणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. पण कायद्याने फाइल हलते ती पुढच्या टेबलापर्यंत. निकाली निघते ती टिप्पणीने.

एक प्रसंग सांगते. एका विधवा बाईंचं कुटुंब निवृत्तिवेतन अडलं होतं, कारण नवऱ्याच्या सेवापुस्तकात तिचं नाव लग्नाआधीचं होतं. फाइल तीनदा "त्रुटी पूर्तता" म्हणून परत आली. प्रत्येक वेळी तिला पत्र जायचं, ती बदलापूरहून यायची. चौथ्या वेळी फाइल माझ्या टेबलावर आली. मी टिप्पणीत पहिल्यांदाच लिहिलं की त्रुटी नेमकी एका शब्दाची आहे, विवाह नोंदणीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र घेऊन ती दूर होते, तसा मसुदा सोबत जोडला आहे. साहेबांनी फक्त सही केली. माझ्याकडे कसलाही अधिकार नव्हता. मला एवढंच कळलं होतं की वरच्या तिन्ही साहेबांना अडचण काय आहे हे कोणी एका ओळीत सांगितलंच नव्हतं.

मुलुंडलोकल, अकाउंट्सच्या सरांपुढे मागणी जाते तेव्हा तिच्यावर फ्री दिवसांची शेवटची तारीख असते का? नसेल तर त्यांना सगळे कागद सारखेच दिसणार.

मुलुंडलोकल · मंगळवार, रात्री ९:३५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज लोकलमध्ये उभ्याने सगळं वाचलं.

काका, खरं सांगते, सात वर्षांत मी न्हावाशेवाला एकदा गेले आहे, तेही लागले तेव्हा, सगळ्यांबरोबर बसने. रकान्याचंही तुम्ही म्हणता ते खरं आहे. आज मागच्या वीस दिवसांच्या शीट काढून मोजलं. लाल रांगांपैकी निम्म्याहून जास्त ठिकाणी दादांचं नाव. मला ते दिसलंच नव्हतं, कारण मी कंटेनर बघत होते.

आवकजावक ताई, मागणीच्या कागदावर तारीख नसते! रक्कम असते, लाइनचं नाव असतं, पार्टीचं नाव असतं. शेवटची तारीख कुठेच नाही. मी आज दिवसभर याच गोष्टीवर विचार करत होते. बिल ऑफ एंट्री जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत पडलं नाही तर पहिले तीन दिवस रोज पाच हजार आणि पुढे रोज दहा हजार रुपये दंड लागतो. हा दंड आमच्याकडे जवळजवळ कधीच बसत नाही, कारण ती तारीख माझ्या टेबलाची आहे, सगळ्यांना ठाऊक आहे आणि चुकली तर मला विचारतात. डिटेन्शनची तारीख कुठल्याच टेबलाची नव्हती.

पवईकरीण · मंगळवार, रात्री ११:२०

आता सविस्तर. मला थोडं कडू बोलायचं आहे, ताईंना नव्हे, एकूणच या विषयाबद्दल.

मी पंधरा वर्षं आयटीत आहे. "ओनरशिप घ्या" हे वाक्य मी दर अप्रेझलला ऐकते. आणि पंधरा वर्षांत मी पाहिलंय की टीममध्ये मीटिंगच्या नोंदी कोण ठेवतं, नवीन आलेल्याला कोण समजावतं, राहिलेल्या गोष्टींचा पाठपुरावा कोण करतं. बहुतेक वेळा बाई. तिने ते आपणहून केलं म्हणून ती "फार मदत करते". बढतीची वेळ आली की विचारतात, तुझं स्वतःचं काम काय? ताई रोज वीस मिनिटं आधी निघतात. ती वीस मिनिटं कोणाच्या हिशोबात आहेत? घरी डबा, मुलं, सकाळची पाण्याची वेळ, हे सगळं त्या वीस मिनिटांनी पुढे ढकललं जात असणार.

शीट बंद करा असं मी म्हणत नाही. पण तीन महिन्यांत किती कंटेनर फ्री दिवसांत निघाले आणि त्याआधीच्या तीन महिन्यांत किती, हे मोजा. डिटेन्शनची बिलं अकाउंट्सकडे असणारच. तो आकडा घेऊन एप्रिलच्या आधी साहेबांसमोर बसा आणि हे काम तुमच्या जबाबदाऱ्यांमध्ये लेखी घालून घ्या, किंवा त्याचा माणूस मागा. चांगुलपणावर चाललेलं काम माणूस आजारी पडला की बंद पडतं.

गिरगावकर७ · बुधवार, सकाळी ८:५५

डबेवाल्यांचं उदाहरण अजून कसं आलं नाही? अधिकारी नाहीत, साहेब नाहीत, तरी डबा बरोबर जागी पोचतो. प्रत्येकाने आपलं मानलं की होतं.

साचेखातं · बुधवार, सकाळी ९:३०

गिरगावकर, माझे सासरे डबेवाले. जुन्नरकडचे. म्हणून जरा नीट सांगतो, कारण हे उदाहरण नेहमी अर्धंच सांगितलं जातं.

१८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी हे सुरू केलं. १९५६ ला ट्रस्ट म्हणून नोंदणी झाली. माणसं गटागटाने काम करतात, गटाचा मुकादम असतो, आणि गटाची कमाई गटात वाटली जाते. सासरे कोणाचे नोकर नव्हते. एखादा आजारी पडला तर त्याचे डबे मुकादम उचलतो, कारण डबा चुकला तर गिऱ्हाईक गटाचं जातं, सगळ्यांच्या वाट्यातून जातं. डब्याच्या झाकणावरचा रंग, आकडा, अक्षर सगळ्यांना वाचता येतं, त्यामुळे कोणाचाही डबा कोणीही उचलू शकतो. वाटा आधी, आपलेपणा मागून. पगारदार माणसाला नुसतं "आपलं माना" सांगून ते येत नाही. पवईकरीण ताई म्हणतात त्यात तथ्य आहे.

रात्रपाळी · बुधवार, दुपारी २:१५

ड्यूटीवरून येऊन झोपायच्या आधी लिहिते आहे. मी एका मोठ्या रुग्णालयात सर्जिकल वॉर्डला परिचारिका आहे.

अधिकार नसताना पुढाकार म्हटलं की मुंबईत दोन नावं निघतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसएमटीला, तेव्हाच्या सीएसटीला, उद्घोषक विष्णू झेंडे यांनी जागा सोडली नाही, माइकवरून प्रवाशांना बाहेर पडायची वाट सांगत राहिले. आणि कामा रुग्णालयात अंजली कुलथे सिस्टरनी वॉर्डातल्या वीस गरोदर बायकांना आतल्या पँट्रीत नेलं. आमच्या प्रशिक्षणाच्या वेळी हे सांगतात तेव्हा सगळ्यांचे डोळे भरून येतात. माझेही आले. पण नंतर मी जितका विचार केला तितकं मला वेगळं काही दिसलं. झेंड्यांच्या हातात जो माइक होता तो त्यांचा रोजचा होता. कुठला फलाट कुठे निघतो हे ते वर्षानुवर्षं बोलत होते. सिस्टरना त्यांच्या वॉर्डातली प्रत्येक खोली माहीत होती. त्या रात्री धैर्य लागलं, पण हात चालला तो रोजच्या कामाच्या ओळखीने.

आमचं रोजचं साधं असतं. शस्त्रक्रियेआधी जागतिक आरोग्य संघटनेची चेकलिस्ट म्हणतात, ती २००८ ला आली. त्यात चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. मला आधी तो वेळेचा अपव्यय वाटायचा. मग एका सकाळी एका आजोबांची हर्नियाची शस्त्रक्रिया होती. कागदावर डावी बाजू, आणि माझ्या लक्षात होतं की आदल्या रात्री कपडे बदलताना आजोबा उजवीकडे हात ठेवून कण्हत होते. सर्जन मोठे, मी नवीन. पण दोन मिनिटांपूर्वी मी त्याच खोलीत मोठ्याने माझं नाव सांगितलं होतं. एकदा आवाज निघाला की दुसऱ्यांदा काढणं सोपं जातं. मी म्हटलं, "सर, बाजू एकदा बघूया का?" बघितलं. कागद चुकला होता. सरांनी मान हलवली आणि कामाला लागले. नंतर चहाच्या वेळी म्हणाले, "सिस्टर, पुढच्या वेळीही विचारा."

ते वाक्य त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं. तुमच्या साहेबांनी तेवढंच करायला हवं होतं.

सांजवर्ग · बुधवार, रात्री ८:४०

मी संध्याकाळच्या कॉलेजात व्यवस्थापन शिकवतो. व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२० च्या दशकात मांडलेली एक गोष्ट गोदीकाठ काकांच्या रकान्याशी अगदी जुळते. त्या म्हणायच्या, एका माणसाने दुसऱ्याला हुकूम देऊ नये, दोघांनी मिळून परिस्थिती बघावी आणि हुकूम परिस्थितीकडून घ्यावा. "तू कोण विचारणारी" हा प्रश्न तेव्हाच उभा राहतो जेव्हा विचारणारी ताई असतात. विचारणारी शनिवारची तारीख असेल तर तिला कोण काय म्हणणार?

मुलुंडलोकल · पाच आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६:२०

धागा वर काढते आहे. काय काय झालं ते सांगायला हवं.

रकाना त्याच आठवड्यात बदलला. "कशाची वाट बघतोय." ग्रुपवर कोणी काही बोललं नाही, पण त्या दिवशी दादांनी शीट बघितल्याची निळी खूण दिसली.

मग दादांना जाऊन विचारलं, शनिवारी मी न्हावाशेवाला आले तर चालेल का, मला शिकायचं आहे. ते जरा थांबले आणि म्हणाले, "बूट घालून ये, चपला नको." गेले. सकाळी सातला पोचले. सी.एफ.एस.च्या, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर ठेवायच्या आवाराच्या, गेटवर ट्रेलरची रांग, पाऊस नुकताच थांबलेला, चिखल घोट्यापर्यंत. आमचा एक मुलगा दीड तास एका शिक्क्यासाठी उभा होता, हातातले कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती शर्टाच्या आत खोचलेली. मी ऑफिसातून ज्याला "गेट पास झाला का?" असा एका ओळीचा मेसेज टाकते, तो हाच.

दुपारी टपरीवर चहा घेताना दादांनी मला विचारलं, "तुझ्या शीटमध्ये शेवटची तारीख कुठपर्यंतची आहे?" मी म्हटलं, डिलिव्हरीपर्यंतची. त्यांनी मान हलवली. "डिटेन्शन डिलिव्हरीला थांबत नाही. माल पार्टीच्या गोदामात उतरला, रिकामा कंटेनर लाइनने सांगितलेल्या यार्डात परत गेला, तिथली पावती हातात आली, तेव्हा मीटर थांबतो. तुझ्या शीटमध्ये जे हिरवं असतं, त्यातलं निम्मं माझ्यासाठी लालच असतं."

मला हे पुस्तकी माहीत होतं. शीट बनवताना मी ते धरलंच नव्हतं, कारण माझ्या टेबलावरून रिकामा कंटेनर कधी दिसत नाही. दादांना पार्टीच्या गोदामात माल उतरवायला लागणारे दिवस, यार्ड ऐनवेळी बदलणं, यार्डाबाहेरची रांग, हे सगळं बावीस वर्षं ठाऊक आहे. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही, आणि मी तर महिनाभर त्यांचं नाव लाल करत होते. मी त्यांना तिथेच सांगितलं की माझं चुकलं. ते म्हणाले, "चहा पी, थंड होतोय."

सोमवारी आम्ही दोघांनी बसून दोन रकाने वाढवले. "रिकामा परत, शेवटची तारीख" आणि "यार्ड". ते दादा सांगत गेले, मी टाइप केलं. डी.ओ.च्या मागणीवर आता वर उजव्या कोपऱ्यात तारीख छापून जाते. अकाउंट्सच्या सरांनी स्वतः सांगितलं की शुक्रवारी तीनच्या आत आलेलं सगळं ते सही करूनच निघतील. हे मी मागितलं नव्हतं.

पवईकरीण ताई, आकडे काढायला घेतले आहेत. अकाउंट्सने मागच्या सहा महिन्यांची डिटेन्शनची बिलं दिली. साहेबांना मेल टाकला आहे, शीट माझ्या कामात लेखी धरा आणि सकाळची वेळ अधिकृत करा म्हणून. उत्तर आलं आहे, "एप्रिलमध्ये बघू." एप्रिलमध्ये मी परत मेल टाकणार आहे.

गेल्या गुरुवारी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मी रजेवर. सकाळी तिला आत नेलं, मी बाहेर बाकड्यावर बसले होते, ९:४० ला मोबाइल वाजला. शीट आली होती. डिलिव्हरीच्या त्याच मुलाने टाकली होती, पिशवीवाल्या. तीन रांगा लाल, त्यातल्या एकीत "यार्ड बदलला, ड्रायव्हरला कळवलंय" असं लिहिलेलं.

गोदीकाठ · रविवार, रात्री ९:१०

वाचून फार बरं वाटलं. आईंची तब्येत कशी आहे? आणि एक विचारायचं राहिलं, यार्ड बदलल्याचा लाइनचा मेल आता कोणाकडे येतो?

मुलुंडलोकल · रविवार, रात्री ९:२५

आई छान आहे काका, पट्टी निघाली. मेल पूर्वी फक्त अकाउंट्सला यायचा. आता डिलिव्हरीच्या ग्रुप आयडीवरही येतो. एका लाइनचा अजून येत नाही, उद्या त्यांना फोन करते आहे. दादा म्हणालेत, तिकडच्या बाई त्यांच्या ओळखीच्या आहेत, फोन ते करतील.